दहावीला ५४८, आता बारावी बेळगावात की कोल्हापुरात?

खानापूर तालुक्यातल्या, नंदगडच्या बाजूच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी गावच्या मराठी शाळेतून दहावी झाली, ६२५ पैकी ५४८ गुण मिळाले. तिला इंजिनिअरिंग करायचंय. कोल्हापूरचे साडू म्हणतात, 'अकरावीला इकडेच पाठवा. बारावीच्या मार्कांना आता कोण विचारतं, सगळं सीईटीवर आहे.' गावातले मास्तर म्हणतात, 'कर्नाटकात राहायचं तर बारावीला ९० टक्के पाहिजेतच.' वडील विचारतात, दोघांपैकी खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलताहेत, आणि तिथंच घोटाळा आहे. साडू महाराष्ट्राचा नियम सांगताहेत, मास्तर कर्नाटकाचा. तुमचं गाव मधे पडलंय. मी बेळगावच्या पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात सव्वीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली निदान पंधरा वर्षं जूनमध्ये घरच्या ओसरीवर पोरांचे फॉर्म भरून दिले. तेवढ्या अनुभवावर सांगते, की आपल्याकडे 'मार्क किती' याआधी विचारायचा प्रश्न असतो 'कुठल्या दारात हे मार्क मोजणार?' पुण्याच्या किंवा मंड्याच्या पालकाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याला दार एकच.

आधी दहावीचं बघू, कारण ५४८ या आकड्यावर घर खूश आहे असं दिसतं. खूश असावंच. पण तुम्ही विषयवार गुण दिलेत ते जरा सुटे करून बघा. मराठी १२५ पैकी १२१, इंग्रजी ८४, कन्नड ९२, समाज ९१, गणित ८१, विज्ञान ७९. एकूण टक्के जवळजवळ ८८, पण गणित आणि विज्ञान मिळून २०० पैकी १६०, म्हणजे ८०. इंजिनिअरिंगसाठी मी हा दुसरा आकडा बघते. पहिली भाषा १२५ गुणांची असल्यामुळे आपल्या मराठी शाळांतल्या चांगल्या पोरांची टक्केवारी तिथं वर चढते, आणि मग फर्स्ट पीयूच्या पहिल्या चाचणीत फिजिक्सला ४० आले की घरात सुतक पडतं. ८० काही वाईट नाही. माझ्या वर्गात याहून कमी घेऊन आलेल्या मुली सेकंड पीयूला गणितात नव्वदीपार गेल्या आहेत. फक्त ८८ वाल्या मुलीकडून जी अपेक्षा धराल, ती ८० वाल्या मुलीकडून पहिल्या सहा महिन्यांत धरू नका.

आणि एक. दहावीचे हे गुण पीयू कॉलेजच्या प्रवेशापर्यंतच कामाचे. इंजिनिअरिंगची रँक लावताना ते कुणी मोजत नाही. दहावीची शाळा मात्र, म्हणजे ती कुठं होती, कुठल्या माध्यमाची होती, हे पुढं पुष्कळ मोजलं जातं. त्याकडे येतेच.

आता कर्नाटकाचं दार. इथली सीईटी केईए, म्हणजे कर्नाटकाचं परीक्षा प्राधिकरण, घेते. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, प्रत्येकी ६० प्रश्न, ६० गुण, चुकलं तर गुण कापत नाहीत. पेपर इंग्रजी आणि कन्नडमध्ये. इंजिनिअरिंगची रँक लावताना अर्धं वजन सीईटीच्या १८० गुणांना आणि अर्धं सेकंड पीयूच्या पीसीएमच्या, म्हणजे याच तीन विषयांच्या, ३०० गुणांना. भाषांचे दोनशे गुण रँकेत येत नाहीत, म्हणून पीयूचं ६०० पैकीचं एकूण घेऊन गावभर पेढे वाटण्यात अर्थ असला तरी रँकेत नाही.

हे हिशेबानंच बघू. एका मुलीला पीसीएममध्ये ३०० पैकी २७० आणि सीईटीत १८० पैकी ९०. म्हणजे ९० टक्के आणि ५० टक्के, सरासरी ७०. दुसरीला बोर्डात २२५ आणि सीईटीत ११०. म्हणजे ७५ आणि ६१.११, सरासरी ६८.०६. सीईटीत वीस गुण जास्त काढूनही दुसरी मागे राहिली. मास्तर म्हणतात ते हेच.

पण त्यांचं बोलणं अर्धंच आहे. सीईटीचा एक गुण बोर्डाच्या १.६७ गुणांइतका भरतो. शिवाय अभ्यासू पोरांचे बोर्डाचे गुण वरच्या टोकाला गर्दी करतात. प्रॅक्टिकलचे फिजिक्सला ३० आणि केमिस्ट्रीला ३० बहुतेकांच्या पदरात पडतात, त्यामुळं माझ्या वर्गातल्या पहिल्या पंधरा पोरांत पीसीएमचं अंतर कधीकधी वीस-पंचवीस गुणांचंच असायचं. सीईटीत त्याच पंधरा जणांत ६० पासून १४० पर्यंत फैलाव. म्हणजे बोर्ड तुम्हाला रांगेत उभं करतं, आणि त्या रांगेत पुढं-मागं सीईटी करते. २०२१ साली कोविडमुळं पीयूची परीक्षाच झाली नाही आणि रँक नुसत्या सीईटीवर लागली, त्या वर्षी वर्षभर नीट वह्या लिहिणारी पोरं कशी मागं पडली हे मी बघितलंय. तुमची मुलगी, तुम्ही लिहिलंय त्यावरून, त्या वह्यावाल्या जातीची दिसते. तिला अर्धं वजन बोर्डाला असणं फायद्याचंच आहे.

बोर्डात एक सवड आता मिळाली आहे. २०२४ पासून पीयूची परीक्षा वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते आणि सगळ्यात चांगले गुण धरले जातात. मार्चच्या पेपरला ताप आला म्हणून वर्ष गेलं, ही भीती कमी झाली.

कर्नाटकातच दुसरं दार कॉमेडकेचं, म्हणजे खासगी कॉलेजांच्या संघटनेच्या प्रवेश परीक्षेचं. तीन तासांत १८० प्रश्न, इथंही गुण कापत नाहीत. खासगी कॉलेजांतल्या ठराविक जागा त्यावर भरतात आणि तिथं बारावीचे गुण पात्रतेपुरतेच लागतात. त्याच कॉलेजात, त्याच बाकावर एक मुलगा सीईटीच्या फीनं बसतो, शेजारचा कॉमेडकेच्या फीनं आणि तिसरा मॅनेजमेंटच्या. मार्कांची किंमत काय असते हे ज्याला कळत नसेल त्याला मी या तिघांच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवून दाखवते.

महाराष्ट्राचं दार वेगळ्या चौकटीचं. तिथल्या एमएचटी-सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना दोन-दोन गुण, फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या ५०-५० प्रश्नांना एक-एक, एकूण २०० गुण. अनेक सत्रांत परीक्षा होते म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल धरतात. बारावीचे गुण फक्त उंबरठा ओलांडायला, खुल्या प्रवर्गाला पीसीएममध्ये ४५ टक्के आणि राखीवला ४०. उंबरठा ओलांडला की ४६ वाला आणि ९६ वाला सारखेच. साडूंचं म्हणणं या दारात शंभर टक्के खरं. फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न तिथं मराठीतही मिळतात, गणित मात्र इंग्रजीतच.

तिथं अडचण पुस्तकाची. आपल्या पीयूला एनसीईआरटीची पुस्तकं आहेत, एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर निघते. त्यात अकरावीचं वजन सुमारे २० टक्के, बारावीचं ८०. धडे बरेचसे तेच, पण मांडणी वेगळी आणि प्रश्नांचा रोख वेगळा. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. जानेवारीत ती हातात घेणाऱ्या पोरांची तारांबळ उडते. फर्स्ट पीयूपासून फक्त उदाहरणांपुरती बाजूला ठेवली तर पुरतात. वेगळी शिकवणी लावायची गरज मला कधी वाटली नाही.

मग कर्नाटकात शिकलेल्या मुलीला महाराष्ट्राच्या दारात उभं करतात का? करतात. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, त्या सीमाभागातून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी तिथल्या प्रवेश नियमांत वेगळा प्रकार आहे, 'टाइप ई'. परराज्याचा म्हणून नव्हे, महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. त्याला दोन दाखले लागतात, गाव त्या वादग्रस्त भागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्हींचे नमुने दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, आणि नमुन्याबाहेरचा एक शब्दही पडताळणीच्या टेबलावर चालत नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो सुटेल तेव्हा सुटेल, पण त्यातून मिळालेली ही एक वाट मात्र आपल्या पोरांना आजच वापरता येते, आणि अर्ध्या गावाला तिची खबर नसते.

बेळगावात बारावी करायची की कोल्हापुरात, याचं उत्तर मी मार्कांवरून देत नाही. दाखल्यांवरून देते, कारण मार्क पुन्हा परीक्षा देऊन वाढवता येतात, शाळा कुठं झाली ते बदलता येत नाही.

कर्नाटक सीईटीची सरकारी सीट मागायला पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षं कर्नाटकातल्या शाळेत झालेली असावी लागतात आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक इथून पास असावी लागते. तुमची मुलगी पहिली ते दहावी इथंच शिकली आहे. म्हणजे ती कोल्हापुरात बारावी झाली तरी कर्नाटकाचं दार बंद होत नाही. साडूंना हे ठाऊक नसेल, मास्तरांनाही नसेल. हे वाचून जरा मोकळं वाटेल तुम्हाला.

दुसरं, ग्रामीण आरक्षण. पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षं खेड्यातल्या शाळेत झाली तर कर्नाटकात १५ टक्के जागांमध्ये वाटा मिळतो. खानापूर गाव स्वतः पट्टण पंचायत, म्हणजे नगरपंचायत, आहे, ते यात धरत नाहीत, पण तुमचं खेडं धरतील. जांबोटीकडचा एक मुलगा आठवतो. घरच्यांनी चांगल्या शाळेसाठी आठवीत मामाकडे बेळगावात ठेवला. सात वर्षं खेड्यात, तीन वर्षं शहरात. मार्क चांगले, पोरगं कष्टाळू, पण ग्रामीणचा हक्क गेला तो गेलाच. मामी बिचारी दोन वर्षं स्वतःला दोष देत होती. तुमच्या मुलीचं ते शाबूत आहे, बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही असलेला अभ्यासाचा दाखला आत्ताच करून ठेवा.

तिसरं, कन्नड माध्यमाचं पाच टक्के आरक्षण. पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेल्यांना असतं. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना ते नाही. आणि राज्यघटनेच्या कलम ३७१-जे चा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतो ना, 'सीमाभागातल्या मुलांना खास जागा' म्हणून? तो कल्याण कर्नाटकासाठी, बीदर-कलबुर्गीच्या बाजूला. भालकी किंवा औरादच्या मराठी पोराला तो मिळू शकतो. बेळगाव जिल्हा त्यात नाही. दरवर्षी चार-पाच पालक हा मेसेज घेऊन येतात आणि दरवर्षी मला त्यांचा चेहरा पडताना बघावा लागतो.

जातीच्या प्रवर्गाचंही तसंच. मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्गीयांच्या यादीत थ्री-बी या प्रवर्गात आहे. महाराष्ट्राची यादी निराळी. इकडचा प्रवर्ग तिकडं आपोआप जात नाही, तेव्हा महाराष्ट्राच्या दारात उभं राहताना इकडच्या दाखल्यावर हिशेब बांधू नका.

चौथी गोष्ट मुलगी जेईई देणार असेल तरच. एनआयटींमधल्या निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात आणि तिथं राज्य ठरतं ते बारावी कुठून पास झाला यावरून. बेळगावात बारावी केली तर तिला सुरतकल घरचं. कोल्हापुरात केली तर नागपूर. जन्म, आधार, रेशनकार्ड काही कामाला येत नाही. शिवाय तिथं बारावीला एकूण ७५ टक्क्यांची अट आहे किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची, आणि या ७५ मध्ये भाषेचे गुण धरतात. रँकेत न मोजलेली भाषा इथं एकदम अंगावर येते. जेईई मेन आणि नीटचा पेपर मराठीतून हवा असेल तर परीक्षा केंद्र महाराष्ट्रातलं घ्यावं लागतं. बेळगावच्या केंद्रावर तो पर्याय मिळत नाही.

हे सगळं मांडल्यावर माझं मत विचाराल तर: बेळगाव. तुमच्या मुलीसाठी, तुम्ही दिलेल्या माहितीवर. मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत जायचंय. 'वेग' आणि 'त्वरण' पक्कं ठाऊक असलेली पोरगी 'व्हेलॉसिटी' आणि 'अॅक्सेलरेशन' ऐकून गप्प बसते. तिला येत नसतं असं नाही, तिला शब्द ओळखीचा नसतो. हे धुकं साधारण दिवाळीनंतर विरतं. त्या चार-पाच महिन्यांत घरी, किंवा शनिवारच्या बसनं घरी येण्याच्या अंतरावर असणं फार मोलाचं. आणि बोर्डाच्या गुणांना जिथं वजन आहे तिथं ती बारावी करते, त्याच वेळी टाइप ई मधून महाराष्ट्राची सीईटीही देते. एकाच अभ्यासात दोन दारं.

पण हे मत तीन ठिकाणी फिरेल. मुलगी बोर्डाच्या पेपरला कंटाळणारी आणि पर्यायी प्रश्नांत चपळ असेल, तर महाराष्ट्राची पद्धत तिला जास्त मानवेल. साडूंच्या घरी राहण्या-जेवणाची खरोखर सोय असेल आणि इथं हॉस्टेलचा खर्च झेपत नसेल, तर पैशाचं गणित वेगळं. आणि शेवटी कॉलेज कोल्हापूर-सांगलीचंच हवंय, वालचंदच हवंय, असं घरात आधीच ठरलं असेल, तर मग माझा सल्ला कशाला!

तुम्ही 'इंटिग्रेटेड'बद्दलही विचारलंय, कॉलेज आणि कोचिंग एकत्र, फी लाखात. सगळीच वाईट नसतात. मी पालकांना एकच विचारायला सांगते, बोर्डाचा अभ्यास कोण घेतो आणि प्रॅक्टिकल खरोखर होतात का. एक मुलगा माझ्याकडे आला होता, अशाच एका ठिकाणी दोन वर्षं काढून. महाराष्ट्राच्या सीईटीत पर्सेंटाइल छान होतं, बोर्डात पीसीएम साठ टक्क्यांच्या आसपास, कारण 'बोर्ड पासपुरतं बघ' असं त्याला सांगितलेलं. कोल्हापूरकडं सीट लागत होती. नेमकं त्याच वर्षी वडिलांना पक्षाघात झाला आणि घरून जाऊन-येऊन शिकता येईल असं बेळगावचंच कॉलेज घेणं भाग पडलं. कर्नाटकाची रँक त्या साठ टक्क्यांनी खाली ओढली होती. शेवटी मॅनेजमेंटच्या जागेसाठी दोन गुंठे विकले. सीमेवरच्या घरात बारावी पासपुरती करणं परवडत नाही असं मी म्हणते ते या मुलाचा चेहरा डोळ्यापुढं ठेवून.

इंजिनिअरिंगचं मन बदललं तर? बी.एस्सी. अॅग्री हवी असेल तर कर्नाटकात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात आणि त्यांना शेतीची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. बियाणं ओळख, अवजार ओळख असलं काही. भात लावलेल्या हातांना ती अवघड नाही. मेडिकल असेल तर बोर्डात पीसीबीला ५० टक्के आणि पुढं सगळं नीटचे ७२० गुण, तिथं चुकीला एक गुण कापतात, सीईटीसारखं अंदाजानं गोल रंगवायचं नाही. बाकी बीए, बीकॉमला पीयूचे गुण आणि वेळेवर भरलेला अर्ज.

आता टीसी आणायला शाळेत जाल तेव्हा एक काम करा. हेडमास्तरांना रजिस्टर उघडायला सांगा आणि मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मागं एका मुलीच्या नावापुढं पहिलीत नाव घालताना कुणीतरी 'कन्नड' लिहून ठेवलं होतं, घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी. बारावीनंतर, अर्जाला सहा दिवस उरले असताना ते कळलं. दुरुस्तीला लागले चोवीस. रकाना बरोबर असेल तर त्याच दिवशी मातृभाषेचा दाखला मागून घ्या. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तुमच्या हातात दोन वर्षं आहेत, तिच्या हातात सहा दिवस होते.